लाइट होती, कॉम्प्युटर गेला

हल्लीच्या मुलांना दुकानातला तयार कॉम्प्युटर चालत नाही. तो जुळवावा लागतो. प्रोसेसर एकीकडून, मदरबोर्ड दुसरीकडून, ग्राफिक्स कार्ड कुठे सेल लागेल तिकडून. या पद्धतीचा मोठा फायदा असा की आईवडील पैसे सुट्या हप्त्यांत देतात आणि एकूण आकडा कोणाच्याच डोळ्यांसमोर एकदम येत नाही. माझा जन्म बँकेत गेलाय, त्यामुळे माझ्या आला. पण तोवर पाच खोकी घरात येऊन पडली होती आणि चिरंजीव म्हणत होते, "आई, हा अभ्यासालाही लागतो गं." त्यातला 'ही' मी ऐकला.

जुळणी डायनिंग टेबलावर झाली. त्या शनिवारी आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. तयार झालेल्या कॅबिनेटला एका बाजूने काच होती आणि आत रंग बदलणारे दिवे. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, पहिल्यांदा ते चालू झालेलं पाहिलं तेव्हा त्यांचे हात सवयीने जोडले गेले.

पहिले काही दिवस सगळं सुरळीत होतं. मग एका संध्याकाळी ऐन लढाईत खट्ट आवाज होऊन कॉम्प्युटर बंद. निळा पडदा नाही, सूचना नाही, काही नाही. घरात दिवे लखलखीत, पंखा चालू. बटण दाबलं की पुन्हा सुरू, जणू मधे काही घडलंच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी नीट चालला, त्यामुळे सगळ्यांनी सुस्कारा सोडला. चौथ्या दिवशी पुन्हा खट्ट.

मराठी घरात माणूस आजारी पडला तर एक डॉक्टर येतो. यंत्र आजारी पडलं तर सगळेच डॉक्टर असतात. नवरा म्हणाला, "व्हायरस असणार." हे त्याचं १९९८ पासूनचं निदान आहे आणि ते त्याने प्रिंटरपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांना लावून पाहिलंय. चिरंजीवांचा मित्र फोनवरूनच म्हणाला, "टेम्परेचर बघ." शेजारचे काका, जे वायरमन म्हणून निवृत्त झालेत, ते टेस्टर खिशात घेऊनच आले आणि दारातूनच म्हणाले, "अर्थिंग." त्यांनी होल्डरला बल्ब लावून फेज आणि अर्थिंगमध्ये पेटवून पाहिला. बल्ब झकास पेटला. काका निराश झाले. चहा घेऊन गेले.

अण्णा तेवढे म्हणाले, "त्या डब्याचं नंतर बघा. माझं कीर्तन पुन्हा बंद पडलंय, ते आधी लावून द्या." अण्णा टॅबवर यूट्यूबची कीर्तनं ऐकतात. कोणी लक्ष दिलं नाही. घरात मोठा रोगी असताना लहान तक्रारी मागे पडतात.

आता विंडोजमध्ये एक नोंदवही असते, इव्हेंट व्ह्यूअर नावाची. यंत्रात जे जे घडतं ते तिथे वेळेनिशी लिहिलेलं असतं. चिरंजीवांनी ती उघडल्यावर मला बरं वाटलं, म्हटलं चला, व्हाउचर सापडलं. तिथे लाल खुणेसह होतं : कर्नल-पॉवर, क्रमांक ४१. खाली खुलासा असा, की यंत्र आधी नीट बंद न होता पुन्हा सुरू झालेलं आहे. झालं, एवढंच. पेपरातल्या निधनवार्तेत असतं तसं : गेले, अमुक वेळी गेले; कशाने गेले ते घरच्यांना विचारा. घरचे आम्हीच होतो आणि आम्हीच विचारत होतो.

मग तापमान. प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि त्यानेही भागलं नाही तर बंद होतो. हल्लीच्या प्रोसेसरना साधारण नव्वद-पंचाण्णव अंशांपर्यंत चालतं. आमचा गेम खेळताना सत्तरच्याही खाली होता. तरी कूलर काढला गेला, जुनी थर्मल पेस्ट पुसली गेली, नवी वाटाण्याएवढी लावली गेली. पेस्ट वाटाण्याएवढी लावायची की फुलीच्या आकारात, यावर चिरंजीव आणि मित्र यांच्यात जो वाद झाला तेवढा तर आमच्या लग्नात मानपानावरून झाला नव्हता. कॉम्प्युटर सत्तरच्या खाली राहूनच बंद पडला.

मग रॅम. मेमटेस्ट नावाचा प्रोग्रॅम रात्रभर लावून ठेवला. सकाळी चिरंजीवांआधी मी उठून पाहिलं : चार फेऱ्या पूर्ण, चुका शून्य. आमच्या शाखेत असा शून्य मार्चअखेरीलाही येत नाही.

मग बटण. हा माझ्या मते सगळ्यांत चतुर तर्क होता. कॅबिनेटचं चालू-बंदचं बटण आतून अडकलं आणि चार सेकंद दाबलेलं राहिलं, तर कॉम्प्युटर बिचारा समजतो की मालकाने आज्ञा केली, आणि बंद होतो. म्हणून बटणाची वायर मदरबोर्डवरून उपटली आणि तिथल्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून यंत्र सुरू केलं. हे आम्ही करत असताना अण्णा खोलीत आले, उघड्या यंत्रात नातू स्क्रूड्रायव्हर खुपसतोय असं त्यांनी पाहिलं, आणि त्यांनी थेट मेन स्विच बंद केला. त्या दिवशीचं बंद पडणं आम्ही हिशेबात धरलं नाही.

शेवटी सगळ्यांच्या बोटांचा रोख एसएमपीएसकडे वळला, म्हणजे घरातली वीज कॉम्प्युटरला पचेल अशी करून देणाऱ्या त्या जड डब्याकडे. आमचा ६५० वॅटचा होता. मित्राच्या मते साडेआठशेचा घ्यायला हवा होता. या मित्राचं कुठल्याही प्रश्नाला उत्तर पुढच्या किमतीचंच असतं. मला मात्र त्या डब्याबद्दल वाचताना त्याच्याविषयी आदर वाटायला लागला. प्रवाह जास्त झाला, दाब वाढला, कुठे शॉर्ट झालं, स्वतः तापला, की तो क्षणात सगळं बंद करतो, म्हणजे पुढचे महागाचे भाग वाचतात. बंद पडणं हे त्याचं कामच आहे. आणि घरातले सगळे मिळून ज्याला शिव्या देत होते तो कदाचित घरातला एकमेव जबाबदार सदस्य होता. मी हे बोलून दाखवल्यावर नवरा म्हणाला, "म्हणजे बदलायचा की नाही?"

बदलण्याआधी दाखवायचं ठरलं. बँकेला सुट्टी असलेल्या दुसऱ्या शनिवारी आम्ही तिघं लॅमिंग्टन रोडला निघालो. या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचारलंत तर कोणी रॅम देणार नाही. डोंबिवलीहून दादर, दादरचा पूल चढून पश्चिम रेल्वे, मग ग्रँट रोड. कॅबिनेट चादरीत गुंडाळलेलं. ग्राफिक्स कार्ड जड असतं, प्रवासात धक्क्याने त्याचा खाचा मोडू शकतो, म्हणून ते वेगळं काढून नवऱ्याच्या मांडीवर. बापलेक मालडब्यात चढले, मी बायकांच्या डब्यात. दादरला उतरल्यावर नवऱ्याच्या शर्टाला सुरमईचा वास आणि चेहऱ्यावर समाधान. माशांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या मावशींनी चादरीतलं काय आहे ते विचारलं होतं. त्याने सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मुलाला बरं नाही म्हणता, मग कार्ड तुमच्या मांडीवर कशाला?" त्यांना रेशनचं वाटलं की दवाखान्याचं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

दुकानदाराने कार्ड बसवलं आणि एक प्रोग्रॅम लावला. पडद्यावर एक केसाळ कडं गरागरा फिरत राहतं, आणि ते केस काढता काढता ग्राफिक्स कार्डाच्या नाकी नऊ येतात. कडं फिरत राहिलं. आम्ही वडापाव खाऊन आलो. कडं फिरतच होतं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, मशीन एकदम ओके. तुमच्या घरची लाइट बघा." म्हणजे काकांचं अर्थिंगच, फक्त आता येण्याजाण्याच्या भाड्यासह.

घरी आल्यावर मी सूत्रं हातात घेतली. मला कॉम्प्युटरमधलं कळत नाही, पण न जुळणारा फरक कळतो. बँकेत फरक निघाला की आम्ही तर्क लढवत नाही. नोंदी काढतो आणि शेजारी शेजारी मांडतो. मी दोनशे पानी वही घेतली, रेघा मारल्या. तारीख, वेळ, काय चालू होतं, घरात आणखी काय चालू होतं, आणि शेवटचा रकाना 'इतर'. चिरंजीवांना ताकीद दिली की बंद पडल्यावर आरडाओरडा नंतर, नोंद आधी. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हा नियम मित्राला सगळ्यांत जड गेला.

'इतर'मध्ये मी घरातलं जे कानावर येईल ते लिहीत होते. कुकरची शिट्टी, इस्त्रीवाला, फोन. आणि अण्णांची तक्रार. पान भरल्यावर रविवारी दुपारी चष्मा लावून बसले. पहिला फरक वेळेत सापडला : बंद पडायचा तो संध्याकाळी सातनंतरच्या पाच-सात मिनिटांत, नाहीतर सकाळी साडेसहाच्या सुमारास, तेही चिरंजीव रात्रभर खेळून जागे असतील तरच. दुपारी कधीच नाही. दुसरा फरक 'इतर'मध्ये होता. प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी, समोर लिहिलेलं होतं : अण्णांचं कीर्तन बंद.

अण्णांचा टॅब वायफायवर. वायफायचा राउटर कॉम्प्युटरच्याच टेबलाखाली. मी ओणवी होऊन पाहिलं. राउटर आणि कॉम्प्युटर, दोन्ही एकाच यूपीएसला लावलेले. मॉनिटर मात्र भिंतीच्या प्लगला, कारण त्याची पिन यूपीएसला बसत नव्हती. म्हणून पडद्याचा दिवा कायम चालू दिसायचा आणि आम्ही म्हणायचो, लाइट तर आहे.

हा यूपीएस २०२० च्या लॉकडाउनमध्ये नवऱ्याच्या लॅपटॉपसाठी घेतलेला. मी त्याची पाठ फिरवली. बारीक अक्षरांत : ६०० व्हीए, ३६० वॅट. चिरंजीवांना म्हटलं, तुझा डबा किती खातो? कार्ड २२० वॅटचं, प्रोसेसर पाऊणशेचा, वर पंखे, मदरबोर्ड, आणि एसएमपीएसमध्ये वाया जाणारं. गेम रंगात आला की भिंतीतून चारशेच्या आसपास. अभ्यासाला, म्हणजे त्या 'ही'च्या भागाला, जेमतेम शंभर. म्हणून अभ्यास करताना तो कधीच बंद पडला नव्हता. अर्थात याचं आणखी एक साधं कारण होतं, पण ते वहीत लिहिलं नाही.

भिंतीतली वीज नीट असेपर्यंत यूपीएस ती सरळ पुढे देत होता आणि थोडा जादा भार सोसत होता. ओरडतही असणार. पण त्याचा बझर नवऱ्याने लॉकडाउनमध्येच, मीटिंगमध्ये वाजतो म्हणून, चिकटपट्टी लावून गप्प केला होता. मग सात वाजता काय व्हायचं? मी खिडकीतून खाली पाहिलं. सोसायटीचा पाण्याचा पंप. मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह क्षणभर ओढते, बिल्डिंगचं व्होल्टेज खाली बसतं. यूपीएसला वाटायचं लाइट गेली. तो तत्परतेने बॅटरीवर जायचा, बॅटरीकडे चारशे वॅट मागितले जायचे आणि त्याचं धाबं दणाणायचं. सगळं बंद. दुसऱ्या सेकंदाला व्होल्टेज परत, यूपीएस परत, हिरवा दिवा लावून साळसूद. कॉम्प्युटर बंद पडू नये म्हणून लावलेली वस्तू तेवढी त्याला बंद पाडत होती. वर मौज म्हणजे एसएमपीएसच्या लेबलवर लिहिलेलं होतं : १०० ते २४० व्होल्ट. पंपाने व्होल्टेज पडलं तरी त्याला गंधही लागला नसता.

संध्याकाळी प्रयोग. कॉम्प्युटर थेट भिंतीला, राउटर यूपीएसवर. पावणेसातला काका, मित्र, नवरा, सगळे खोलीत. चिरंजीवांनी सगळ्यांत जड गेम लावला. सातला खालून मोटरचा घरघराट झाला, ट्यूबलाइट क्षणभर फिकी पडली, टेबलाखाली यूपीएस खट्टकन बॅटरीवर गेला आणि राउटरचे पंधरा-वीस वॅट आनंदाने वाहून परत आला. पडद्यावर लढाई चालूच. आतल्या खोलीत कीर्तनकार अखंड. काका म्हणाले, "म्हणजे लाइटचाच प्रॉब्लेम. मी म्हटलंच होतं." मित्र म्हणाला, "आता अकराशे व्हीएचा घ्या." या वेळी त्याचं बरोबर होतं, म्हणून मी काही बोलले नाही.

तरी पंपाचं सेक्रेटरींच्या कानावर घालणं भाग होतं. एवढं व्होल्टेज पडतं म्हणजे उद्या कोणाचा फ्रीज जाईल. मी वही घेऊनच गेले. त्यांनी आधी उभ्याने चाळली, मग खुर्ची ओढून बसले. तारखा, वेळा, सरळ रेघा, पानाच्या तळाशी बेरीज. 'इतर'चा रकाना त्यांनी बोट ठेवून वाचला. मोटरबद्दल एक शब्द नाही.

"वहिनी," ते शेवटी म्हणाले, "आपल्याकडे खजिनदाराची जागा गेल्या मार्चपासून रिकामी आहे."

मी तोंड उघडायच्या आत मागून नवऱ्याचा आवाज आला, "घेईल की. तिला आवड आहे."