सावधपंत

सावधपंत ही जमात महाराष्ट्राच्या कुठल्याही शहरात, कुठल्याही सोसायटीत हमखास आढळते. वय साठीच्या पुढे, नोकरी बँकेत किंवा पाटबंधारे खात्यात झालेली, मुलगा परदेशी आणि पेन्शन वेळच्या वेळी. पंतांच्या दाराला लॅच असते, लॅचखाली कडी, कडीला कुलूप आणि बाहेरून लोखंडी जाळी. गावाला निघताना ते कुलूप तीनदा ओढून पाहतात आणि रिक्षात सामान चढल्यावर चौथ्यांदा वर जाऊन येतात. हीच सावधगिरी ते घरातल्या संगणकालाही लावतात आणि तिथेच सगळा घोळ होतो.

पंतांच्या मते संगणकाचे शत्रू तीन: धूळ, वीज आणि नातू. म्हणून यंत्रावर जुन्या साडीचा शिवलेला अभ्रा असतो आणि काम संपले की प्लग काढून वायर गुंडाळली जाते. खंडेनवमीला पेटीला हळदकुंकू वाहून झेंडूचे फूल ठेवतात. त्यातले चिमूटभर कुंकू पंख्याच्या जाळीतून आत जाते, ते वर्षभर आतच राहते.

पासवर्ड म्हणजे कुलदैवताचे नाव आणि पुढे १२३. बँक, ईमेल, वीजबिल, रेल्वेचे तिकीट, सगळीकडे तोच. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे, दुधाच्या खाड्यांशेजारी तो उलट्या क्रमाने लिहिलेला असतो, म्हणजे चोराला कळायला नको. खरे तर पासवर्ड वहीत लिहून वही कपाटात ठेवली तर फारसे बिघडत नाही, कारण दूर कुठेतरी बसलेल्या भामट्याला पंतांचे कपाट दिसत नाही. बिघडते ते एकच पासवर्ड सगळीकडे वापरल्याने. कुठल्यातरी फुटकळ दुकानाच्या साइटवरून तो फुटला, की चोरांची यंत्रे तोच ईमेल आणि बँकेलाही लावून पाहतात. प्रत्येक ठिकाणी वेगळा, लांबलचक पासवर्ड आणि जोडीला दुसऱ्या टप्प्याची पडताळणी हा त्यावरचा उतारा. पंतांना तो पटतो, पण कॅलेंडरवर तेवढी जागा नसते.

अपडेटची सूचना आली की पंत न चुकता ‘नंतर’ दाबतात. चालत्या यंत्राला हात लावू नये, हे त्यांचे नोकरीतले तत्त्व. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभरच्या संगणकांतल्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिलेले होते. पंतांचे ‘विंडोज ७’ तर जानेवारी २०२० पासून निराधार आहे. त्याची भरपाई म्हणून त्यांनी दोन अँटिव्हायरस बसवलेत. ते एकमेकांवर संशय घेत बसतात आणि पंतांचे पान उघडेपर्यंत चहा गार होतो. फोटोंची दुसरी प्रत मात्र कुठेच नसते. ‘सगळे संगणकात सुरक्षित आहे,’ असे ते सांगतात.

पहाटे साडेपाचला सोसायटीच्या ग्रुपवर ‘हा व्हिडिओ उघडू नका, मोबाईल जळेल’ हा इशारा पंतच टाकतात. नऊ वाजता अनोळखी क्रमांकावरून ‘लग्नपत्रिका.एपीके’ येते. पत्रिका आली आणि उघडली नाही, असे पंतांच्या घराण्यात घडलेले नाही. वधू-वरांची नावे काही दिसत नाहीत. ती पत्रिका नसून अॅप असते आणि मागेल त्या परवानग्या दिल्या, की बँकेचे ओटीपी पंतांच्या आधी तेच वाचते.

तरीही पंतांची खरी कमकुवत जागा संगणकात नाही. कुरिअरवाल्या पोराला ते जाळीबाहेर उभे करून चार प्रश्न विचारतात, पण फोनवरचा माणूस ‘सर’ म्हणाला की विरघळतात. निरोप समारंभानंतर त्यांना असे आदराने कुणी ‘सर’ म्हटलेलेच नसते. ‘सर, केवायसी संपलंय,’ म्हटले की ते स्क्रीन दाखवणारे अॅप उतरवतात. ‘पैसे परत मिळतील, सर, पिन टाका,’ म्हटले की पिन टाकतात. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही, तो द्यायलाच लागतो. व्हिडिओवर गणवेशातला माणूस दिसला, की वर इस्त्रीचा सदरा आणि खाली लुंगी अशा थाटात पंत तासन् तास ‘डिजिटल अटके’त बसतात. असली अटक भारताच्या कायद्यात नाहीच.

या घराचा खरा बंदोबस्त काकूंकडे असतो. कुणाचाही फोन आला तरी ‘ह्यांना विचारून सांगते’ म्हणून त्या ठेवून देतात आणि ह्यांना विचारत नाहीत. तज्ज्ञांचा सल्लाही हाच आहे: फोन तोडावा, पासबुकावरच्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करून खात्री करावी.

पैसे गेलेच, तर पंत दोन दिवस कुणाला सांगत नाहीत. लोक काय म्हणतील, ही धास्ती. नेमका तोच वेळ मोलाचा असतो, कारण लगेच १९३० या मदतक्रमांकावर कळवले तर रक्कम पुढच्या खात्यांतून निघून जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. हा क्रमांक पंतांना तोंडपाठ असतो, सोसायटीच्या ग्रुपवर तो त्यांनीच टाकलेला असतो. लावावा मात्र काकूंना लागतो.