भाडेकरू पारखावा कसा? नवघरमालकांसाठी काही सूचना

अभिनंदन! बाणेरच्या टू बीएचकेचा ताबा मिळाला, गृहकर्जाचा हप्ता सुरू झाला आणि तो भरायला आता एक परका माणूस हवा आहे. कालपर्यंत तुम्ही स्वतः कुणाच्या तरी घरात भाड्याने राहत होतात, ही गोष्ट सर्वप्रथम विसरावी. ती आठवत राहिली तर खालची एकही सूचना पाळता येणार नाही.

१. आधी घाबरून घ्यावे

भाडेकरू घर बळकावतो, ही श्रद्धा घरमालकाला वारशाने मिळते. तिला आधार नाही असे नाही. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण धरले. त्यानंतर गिरगावच्या चाळींत आणि पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांत पिढ्या बदलल्या, नोटा बदलल्या, भाडे मात्र जागचे हलले नाही. तुमच्या एखाद्या मामेआजोबांचा वाडा असाच गेला असेल. नसेल तर शेजाऱ्यांच्या आजोबांचा घ्यावा.

पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही माणूस घर सोडत नसेल, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि जास्तीच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. ही माहिती जवळ ठेवू नये. भीती कमी होते आणि मुलाखतीतला रुबाब जातो.

२. जाहिरात

‘फक्त फॅमिली’ असे लिहावे. फॅमिली म्हणजे नवरा, बायको आणि फार तर एक मूल. तेही भिंतीवर चित्रे न काढणारे. सासूबाई येऊन-जाऊन असाव्यात, कायमच्या नकोत. ‘शाकाहारींना प्राधान्य’ असेही लिहावे. आपल्या घरी रविवारी काय शिजते, हा आपला खासगी प्रश्न आहे.

फोटो दुपारच्या उन्हात काढावेत. बेडरूमच्या ज्या कोपऱ्यात पावसाळ्यात ओल येते, तिथे कपाट सरकवून ठेवावे.

३. मुलाखत

पहिला प्रश्न: “पूर्ण नाव काय?” उत्तरात आडनाव नीट कळले नाही तर “मूळ गाव कुठलं?” तिथूनही अंदाज आला नाही तर “देवघरासाठी जागा लागेल का?” आपण स्वतः काही मानत नाही, हे प्रत्येक प्रश्नानंतर सांगावे. “आमचं काही नाही हो, पण सोसायटीत थोडं…” एवढे म्हणून वाक्य अर्धेच सोडावे. ते कधीही पूर्ण करू नये. आडनाव मनासारखे नसेल तर “फ्लॅट कालच गेला” असे हसून सांगावे. असे फ्लॅट दर रविवारी कालच जातात आणि पुढच्या रविवारी पुन्हा जायला रिकामेच असतात.

एकटा मुलगा आला तर तो दारू पिणार. एकटी मुलगी आली तर तिला कोणी भेटायला येणार. तीन मुले मिळून आली तर तिन्ही गोष्टी होणार. तिसरी कोणती ते चेअरमनना विचारावे. वकील, पोलीस आणि पत्रकार यांना दारातूनच निरोप द्यावा. कायदा माहीत असलेला माणूस घरात घेणे जोखमीचे असते, विशेषतः तो आपल्याला माहीत नसताना.

पगाराची स्लिप, नोकरीचे पत्र, आधीच्या घरमालकाचा नंबर या किरकोळ गोष्टी वेळ उरला तरच मागाव्यात. नंबर मिळालाच तर फोन करावा, पण उत्तर उलटे ऐकावे. ‘माणूस सोन्यासारखा आहे’ असे घरमालक तोंडभरून सांगत असेल, तर त्याला तो सोन्यासारखा माणूस लवकर घालवायचा असू शकतो. जो कुरकुरत ‘हं, ठीक आहे, जातोय म्हणे’ म्हणतो, त्याचे भाडे बहुधा वेळेवर येत असते.

४. कागदपत्रे

इतकी कसून चौकशी केल्यावर कागदाकडे दुर्लक्ष करणे ओघानेच येते. करार अकरा महिन्यांचाच करावा. का, ते विचारू नये. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून ती टाळण्यासाठी कोणीतरी अकरा हा आकडा काढला. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सची मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. म्हणजे अकरा महिन्यांनी काहीच टळत नाही. तरी परंपरा मोडू नये.

१९९९ च्या कायद्याचे कलम ५५ रात्री झोपताना वाचू नये. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी त्यात घरमालकावर आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वर नोंदलेला करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ज्याच्या ताटातल्या अंड्यावर तुमचा विश्वास नव्हता, त्याच्या शब्दावर कायदा विश्वास ठेवतो.

खर्चाचे म्हणाल तर महिना २५,००० भाडे आणि ७५,००० परत द्यायची अनामत असलेल्या अकरा महिन्यांच्या कराराला पाव टक्क्याने सुमारे सातशे रुपये मुद्रांक शुल्क लागते. शहरात नोंदणी फी एक हजार. अंगठेही आता घरबसल्या मशीनवर लावता येतात. एजंटला मात्र एक महिन्याचे भाडे आपण न कुरकुरता देतो. हे सतराशे वाचवण्यासाठी स्टॅम्पपेपरवर नोटरी करून मोकळे व्हावे, असा सल्ला देणारा मेहुणा प्रत्येक घरात असतोच.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देणे हेही घरमालकाचेच काम आहे आणि ते ऑनलाइन होते. ‘पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आणा’ असे भाडेकरूला फर्मावून हात झटकू नयेत. अर्थात, झटकले तर शोभून दिसतात.

भाडेकरूने घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी तुमचा पॅन नंबर मागितला तर दचकावे. वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर गेले की त्याला तो द्यावाच लागतो. भाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, गृहकर्जाच्या व्याजाचीही मिळते आणि नव्या कर्जात बहुधा कर फारसा उरतच नाही, हे सीएने सांगेपर्यंत ‘बघू’ म्हणत राहावे.

५. सोसायटी

तुमच्या मुलाखतीत उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराला कमिटीपुढे बसवावे. तिथे सेक्रेटरी तेच प्रश्न पुन्हा विचारतील, पार्किंगचा एक जास्त. मग बिलात नॉन-ऑक्युपन्सी चार्ज वाढेल. तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, असे सरकारने २००१ मध्येच ठरवले आहे. पण चेअरमनशी भांडण्यापेक्षा तो भाड्यात मिळवणे सोपे.

६. अनामत

ताबा देताना गीझर, पंखे, नळ, कड्या यांची यादी करून दोघांच्या सह्या घेणे आणि वीज मीटरचा फोटो काढणे हा रुक्ष प्रकार आहे. त्याने वर्षअखेरीचे भांडण होत नाही. यादी नसेल तर ओलीचा तो कोपरा भाडेकरूच्या नावावर टाकता येतो आणि ‘पेंटिंगचे’ म्हणून एक भाडे कापता येते.

७. उलट प्रश्न

काही उमेदवार वाकून कपाटामागे बघतात. टँकर किती येतात, लिफ्टला बॅकअप आहे का, मागच्या माणसाची अनामत किती दिवसांत परत केली, असे विचारतात. त्यातला एखादा मागच्या भाडेकरूचा नंबर मागतो. अशाला शंभर टक्के नाकारावे.

सर्व निकषांत बसणारा भाडेकरू मिळेपर्यंत हप्ता स्वतःच्या खिशातून भरावा. बँकेची एकच अट असते: पाच तारखेला खात्यात पैसे हवेत. ते कोणत्या आडनावाने दिले, कोणी काय खाऊन दिले, याची ती चौकशी करत नाही.