खजिनदारीणबाईंचे घोडे

— अहो वहिनी, ती मेथी राहू द्या जरा. लेकीकडून शिकागोहून आल्यापासून सांगीन सांगीन म्हणतेय. तिच्या घरापासून दोन तासांवर डिक्सन नावाचं गाव आहे. रोनाल्ड रेगनचं बालपण गेलं ते. वस्ती जेमतेम सोळा हजार, आणि त्या एवढ्याशा गावच्या नगरपालिकेतून एका बाईनं ५ कोटी ३७ लाख डॉलर पळवले. एकटीनं!

— पळवले म्हणजे? तिजोरी फोडून?

— छे हो, भरदिवसा, खुर्चीत बसून. रीटा क्रंडवेल तिचं नाव. शाळेत होती तेव्हापासून नगरपालिकेत कामाला, आणि १९८३ पासून सगळे हिशेब तिच्या हाती. १९९०मध्ये बाईनं गावाच्याच नावानं बँकेत आणखी एक खातं उघडलं. नाव काय, तर सांडपाणी विकासाचा राखीव निधी! वाचणाऱ्याला झोपच यावी. मग राज्य सरकारची खोटी बिलं करायची, ‘ट्रेझरर’च्या नावानं चेक काढायचा आणि नेऊन त्या खात्यात भरायचा. तिथून पैसे काढायचे चेक होते ना, त्यांच्यावर छापलेलं असायचं ‘आर. एस. सी. डी. ए., द्वारा रीटा क्रंडवेल’.

— थांबा, थांबा. निधी गावाचा आणि चेकवर ‘द्वारा’ हिचं नाव? आणि नुसतं ‘ट्रेझरर’? कुठला, कुणाचा, काही नाही? आमच्या पतसंस्थेत असला चेक माझ्या टेबलावरून पुढे सरकला नसता. ऑडिटर काय करत होते?

— दर वर्षी ऑडिट व्हायचं की! सगळं आलबेल.

— घ्या! आणि एवढ्या पैशांचं बाईनं केलं काय?

— घोडे! क्वार्टर हॉर्स म्हणून जात असते, ते. चारशेच्या आसपास. त्यांची प्रदर्शनं, त्यांची जागतिक बक्षिसं, आणि ती बघत हिंडायला वीस लाख डॉलरची गाडी, आतमध्ये अख्खं घर असलेली. पगार किती? वर्षाला ८० हजार डॉलर. लोकांना वाटायचं, घोड्यांच्या धंद्यातच कमावत असेल.

— गावात कुणालाच कशी शंका आली नाही?

— अहो, तेच तर. बैठकीत हीच साळसूदपणे सांगायची, राज्याकडून पैसे यायला उशीर होतोय, खर्च आवरा. रस्त्यांची कामं लांबली, कर्मचाऱ्यांची पगारवाढ थांबली. कुंपणानं शेत खाल्लं आणि वर पीक का येत नाही म्हणून शेतकऱ्यालाच दरडावलं! चोरी एकवेळ समजते मला, पण हे नाही.

— मग सापडली कशी?

— रजेवर गेली म्हणून! २०११मध्ये घोड्यांपायी लांबलचक रजेवर होती. तिचं काम बघणाऱ्या बाईनं बँकेकडून सगळ्या खात्यांचे उतारे मागवले, त्यात हे एक भलतंच खातं. ती थेट महापौरांकडे, महापौर एफबीआयकडे. आणि पुढे सहा महिने दोघांनी ताकास तूर लागू दिली नाही. बाई येतेय, जातेय, सह्या करतेय.

— सहा महिने! आपल्याकडे संध्याकाळच्या आत दूधवाल्याला कळलं असतं.

— एप्रिल २०१२मध्ये नगरपालिकेच्या कचेरीतच धरली. पुढे गुन्हा कबूल केला. कायद्यात जास्तीत जास्त २० वर्षं होती, जजसाहेबांनी फेब्रुवारी २०१३मध्ये १९ वर्षं ७ महिने दिली. त्याच दिवशी कोर्टातून थेट आत.

— आपल्याकडे नोकरानं मालकाची चोरी केली तर ७ वर्षांच्या वर जात नाही. सरकारी नोकरानं विश्वासघात केला तर मात्र जन्मठेपेपर्यंत जातं. पण निकाल लागेपर्यंत घोडेसुद्धा म्हातारे व्हायचे!

— तिथलं पुढचं तर ऐका. साडेआठ वर्षांत बाई बाहेर. २०२१मध्ये, कोविडच्या दिवसांत, उरलेली कैद घरी भोगायला सोडली. आणि डिसेंबर २०२४मध्ये बायडन साहेबांनी घरकैदेतल्या दीड हजार जणांची शिक्षा कमी केली, त्यात हीसुद्धा. गाव असं भडकलं! बावीस वर्षं लुटलं आणि भोगली किती? मी असते तर एक दिवस कमी केला नसता.

— मला नाही पटत, ताई. सत्तरीची बाई आत ठेवून गावाच्या पदरात काय पडणार? घोडे विकले ना?

— विकले. घर, गाडी, दागिने, सगळ्याचा लिलाव. पण खरे पैसे आले ते ऑडिटर आणि बँकेकडून. गावानं दावा लावला तेव्हा तडजोडीत ४ कोटी डॉलर मोजले त्यांनी.

— मोजले ना? म्हणजे चूक होतीच. माझा सगळा राग तिथे आहे. बाई चोर, तिला १९ वर्षं, ठीक आहे. पण बावीस वर्षं डोळे मिटून खुणा करत बसले, त्यांचं काय?

— ते पैसे भरून सुटले.

— बघा! आणि तुम्ही त्या म्हातारीचे दिवस मोजत बसलाय.