क्रूझ, पण उतरायची सोय हवी

अण्णाकाकांची पंचाहत्तरी क्रूझवर साजरी करायची, हा ठराव आमच्या घराण्यात एकमताने मंजूर झाला आणि तिथेच मला शंका आली. आमच्याकडे जे काही होतं ते रुसव्याफुगव्यांतून, शेवटच्या क्षणी आणि कुणाचीतरी समजूत काढून होतं. एकमताचं काही तडीला गेल्याचं ऐकिवात नाही.

ठराव भाच्याचा. मुंबईहून गोवा, लक्षद्वीप करत फिरणारी मोठी जहाजं आता निघतात. वर पोहायला तलाव, रात्री नाचगाणी, आणि खाणं म्हणाल तर दिवसभर चालूच. अट एवढीच की पोरंसोरं बरोबर नकोत, सगळी मोठी माणसं. त्यातली सगळ्यात मोठी आत्या, वय ८२. सगळ्यात लहान पुतणी, वय २३. मोठ्या माणसांना सांभाळणं हे मुलांना सांभाळण्यापेक्षा फार अवघड काम आहे. मुलांना निदान रागावता येतं.

दादा बँकेतून निवृत्त झालाय. त्याने माणशी खर्चाला प्रवासाच्या तासांनी भागलं आणि जाहीर केलं की क्रूझवर झोपणं हा शुद्ध तोटा आहे, कारण झोपेच्या तासांचेही पैसे लागतात. वहिनींना बाल्कनीची खोली हवी होती. भाच्याच्या बायकोला समुद्रात रेंज येते का, ते लेखी हवं होतं. काकूंचा प्रश्न वैद्यकीय होता. "मला पित्त झालं तर?" यावर अण्णाकाका म्हणाले, "तुला घरीही होतंच की." चर्चा तिथून जी भरकटली ती त्यांच्या लग्नातल्या जेवणापर्यंत गेली.

आत्या इतका वेळ वाती वळत होती. तिने मान वर न करता विचारलं, "मधेच उतरता येतं का रे?"

"आत्या, जहाज आहे ते. मधे समुद्र असतो."

"मग नको. ही सगळी एवढा वेळ एका ठिकाणी राहिलीत कधी?"

खोलीत शांतता पसरली. प्रत्येक जण आपापल्या मनाशी मागचं गणपतीचं एकत्र जेवण आठवत असावा.

आत्या बोटीला घाबरणारी नव्हे. आमचं मूळ गाव चौल, आणि कोकणातली माणसं भाऊच्या धक्क्यावरून बोटीने जात तो काळ तिने पाहिलेला. डेकवर आधी सतरंजी टाकील त्याची जागा. मोठी बोट बंदरात न लागता लांब पाण्यात उभी राही आणि माणसं, ट्रंका, फणस, सगळं होड्यांतून किनाऱ्याला येई. बोट लागणारे एका बाजूला आणि त्यांना लिंबू हुंगायला देणारे दुसऱ्या बाजूला. हे सांगताना ती खुलते. पण भाचा "पावसाळ्यात स्वस्त मिळेल" म्हणाला तेव्हा ती एकदम गप्प झाली. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आत्या तेव्हा अगदी लहान. पण आमच्या भागात ती गोष्ट ऐकल्याशिवाय कुणी मोठं झालेलं नाही. पुतणीने काही न बोलता लॅपटॉपवरच्या तक्त्यातले पावसाळ्याचे महिने काढून टाकले.

मग तोडगा निघाला तो असा. क्रूझ करायची, पण तुकड्यातुकड्यांनी आणि रायगडच्या किनाऱ्याने. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा, राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा, आगरदांड्याहून जंगल जेटी नावाच्या फेरीबोटीने दिघी, आणि शेवटी हरिहरेश्वर. मधल्या वाटेला आपल्या गाड्या. पाण्यावर थोडा वेळ, जमिनीवर बराच. भांडण झालं तर गाड्या दोन.

राहिली तारीख. ती ठरवताना पुतणीची तंत्रविद्या आणि आत्याची पाऊणकी समोरासमोर आली. कारण अण्णाकाकांना कुलाबा किल्ल्यावरच्या गणपतीला जायचं होतं, आणि अलिबागचा हा किल्ला भरतीला बेट असतो, ओहोटीला रस्ता. पुतणीने भरती-ओहोटीचं अ‍ॅप उघडलं. आत्याने डोळे मिटले. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ निघते. तिथून सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. हे त्रैराशिक किनाऱ्यावर शाळेत न गेलेल्यांनाही येतं. "आठ पाऊण सहा. म्हणजे अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला." अ‍ॅपमध्ये आणि आत्यामध्ये काही मिनिटांचा फरक निघाला. दादाने फरक अ‍ॅपच्या खात्यावर टाकला.

"मग अष्टमीच धरू," भाचा म्हणाला. "आरामात उठून बाराला जाऊ."

"अष्टमीला भांग असते. पाणी पुरतं हटत नाही. गुडघाभर पाण्यातून अण्णाला नेणार आहेस? पुनवेला, अवसेला उधाण. तेव्हा पाणी खूप मागं जातं, पण ओहोटी सकाळी सहाला नाहीतर संध्याकाळी सहाला. सहाला तुम्ही उठत नाही, आणि संध्याकाळी किल्ल्यात अडकलात तर रात्रभर तिथेच."

म्हणजे मधली तिथी हवी. चतुर्थी: चार पाऊण तीन, ओहोटी सकाळी नऊला. उत्तम. पण संकष्टीला अर्ध्या घराचा उपास, आणि अलिबागला जाऊन मासे खायचे नाहीत तर जायचं कशाला, असा दुसऱ्या अर्ध्या घराचा सवाल. इथे आमच्या घराण्याचं खरं पंचांग उघडलं. सोमवारी काकू खात नाहीत, शंकर. मंगळवारी वहिनी, देवी. गुरुवारी दादा, दत्त. शनिवारी अण्णाकाका, मारुती. भाचा सगळे वार खातो. पण त्याची बायको प्राण्यांवर प्रेम करते, त्यामुळे तो तिच्यासमोर कुठल्याच वारी खात नाही. पुतणीने हे सगळं तक्त्यात रंगवलं. लाल म्हणजे निषिद्ध. पडदा बराच लाल झाला.

शेवटी हिरवा चौकोन एकच उरला: पंचमी असलेला रविवार. त्याच्या आदल्या दिवशी संकष्टी आणि शनिवार दोन्ही एकदम, म्हणजे दोन उपासांत एकच दिवस वाया. दादा तर हरखलाच. बँकेत असताना एवढी काटकसर त्याला साधली नव्हती. असा योग माघात सापडला. अण्णाकाकांचा खरा वाढदिवस कार्तिकात असतो, पण त्यांच्या वाढदिवसाला काय करायचं याचा त्या वाढदिवसाशी संबंध केव्हाच तुटला होता.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि दहा-बारा दिवसांत देशच बंद झाला. असल्या मुहूर्तावर सुरू होऊनही ती टिकली याचं आत्याला कौतुक. बोट ग्रीसमध्ये बांधलेली, नाव प्रोटोपोरोस. आपण गाडीत बसल्या बसल्या तिच्या पोटात शिरतो, मग जिने चढून वर. अण्णाकाकांनी यासाठी पांढरी टोपी आणली होती, नाविक दलात असते तसली. दोन माणसांनी त्यांना चहा कुठे मिळतो ते विचारलं.

पेण-वडखळच्या रस्त्याने जिथे अर्धा दिवस जातो तिथे बोटीने साधारण तास. डाव्या हाताला घारापुरी, तेलाची जहाजं, आणि मागे सीगल पक्ष्यांचा थवा. प्रवासी या पक्ष्यांना कुरकुरे घालतात, आणि ते असे झेपावतात की मासे पकडायचं विसरले असावेत. काकूंनी बोट लागू नये म्हणून अव्होमिनची गोळी डोंबिवलीलाच घेतली होती. धक्का सुटायच्या आधी त्यांचा डोळा लागला. मांडव्याला गाड्या सुरू झाल्या त्या आवाजाने त्या जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "निघाली का बोट?" अण्णाकाका हे पुढचे सगळे दिवस ज्याला त्याला सांगत राहिले, जेटीवरच्या शहाळेवाल्यालासुद्धा.

रात्री अलिबागच्या वाळूवर सगळे चंद्राची वाट बघत उभे. आत्याला चंद्र दिसल्याशिवाय उपास सोडायचा नव्हता आणि भाच्याला आत्याने सोडल्याशिवाय मोदकाला हात लावायची परवानगी नव्हती. पुतणीकडे आकाशाचंही अ‍ॅप होतं. ते म्हणत होतं की चंद्र उगवला आहे. आत्या म्हणत होती की तुझ्या मोबाइलमध्ये उगवला असेल.

रविवारी पावणेदहाला मात्र समुद्राने आत्याचा शब्द राखला. पाणी मागे सरलेलं, ओली वाळू, त्यावरून घोडागाड्या किल्ल्याकडे निघालेल्या. तब्येतीमुळे ज्यांनी गाडीत बसायचं ते हट्टाने चालत निघाले आणि ज्याने चालायचं तो भाचा गाडीत, कारण बूट पांढरे होते. शिवाजीमहाराजांनी १६८० मध्ये हा किल्ला बांधायला घेतला. आतलं गणपती पंचायतन राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलं. चहूकडे खारं पाणी आणि आतल्या तळ्या-विहिरींना गोडं. दादा तिथून खांदेरीवर गेला: १६७९ मध्ये इंग्रज आणि सिद्दी दोघे आडवे येत असताना मराठ्यांनी ते बेट कसं बळकावलं, शेजारच्या उंदेरीवर सिद्दी कसा बसला, आणि २०२५ मध्ये खांदेरीचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशात कसं लागलं. ते नाव आपल्या पाठपुराव्याने लागल्याच्या थाटात तो बोलत होता. ऐकण्यासारखंच होतं, पण मागून पाण्याची रेघ पुढे सरकत होती आणि आत्या तटावरून ओरडत होती, "दादा, इतिहास जागच्या जागी राहील, वाळू राहणार नाही!" तरी शेवटचा टप्पा घोट्याएवढ्या पाण्यातून झाला. पांढरे बूट भाच्याच्या गळ्यात.

दुपारचं जेवण या सगळ्या आखणीचा पाया होतं. जिताडा हा आमच्याकडचा खाडीचा मासा. पूर्वी जावई यायचा असला की तो आधी शोधत. आल्या आल्या ताटात आला तुकडा, जाड, पांढरा, कालवणाच्या तांबड्या रश्श्यात अर्धा बुडालेला. त्यानंतर बराच वेळ आमच्यापैकी कुणी कुणाशी वाद घातला नाही. भाच्याच्या बायकोने समुद्राकडे तोंड करून डाळभात खाल्ला आणि नवऱ्याला म्हणाली, "खा तू, मी बघत नाही." तिची पंगतीत किंमत वाढली. निघताना काकूंनी अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा घेतल्या. या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. मानांकनासकट तो माझ्या मांडीवर आला.

सोमवारी राजपुरी. शिडाची होडी वाऱ्यावर निघाली तेव्हा क्रूझ काय असावी याबद्दल प्रथमच सगळ्यांचं समाधान झालं. इंजिनाचा आवाज नाही, वास नाही, नुसतं शीड फडफडतं. जंजिऱ्याचा दरवाजा जवळ जाईपर्यंत दिसत नाही, तटच तट. सिद्द्यांनी हा किल्ला १९४८ पर्यंत कुणाला घेऊ दिला नाही, जशी काकूंनी गाडीतली खिडकीची जागा. दारापाशी होडी लाटेवर खालीवर होते आणि पायरी जागची हलत नाही, तिथे खलाशी दंडाला धरून सांगतो, "आता! आता टाका पाय!" अण्णाकाकांना दोघांनी जवळजवळ उचलून ठेवलं. टोपी होडीतच राहिली. कलालबांगडी तोफेशी फोटो काढताना त्यांना ती आठवली आणि त्यांनी फोटो रद्द केला.

आत्या उतरलीच नाही. "मी पाहिलाय. तेव्हा माणसं कमी होती." ती तांडेलाशेजारी बसून राहिली. आम्ही परतलो तेव्हा तिला डिझेलचा भाव, पापलेट का मिळत नाही याची कारणं, आणि तांडेलाच्या मुलीचं शिक्षण, उंची, अपेक्षा, सगळं ठाऊक होतं. अलिबागच्या घोडागाडीवाल्याचा पुतण्या तिच्या डोक्यात होता. त्याचा नंबर तिने रविवारीच घेऊन ठेवलेला.

जंगल जेटीवर काही घडलं नाही. गाड्या चढल्या, गाड्या उतरल्या, खाडीचा वळसा वाचला. दिवेआगरला रात्र काढली. मंगळवारी सप्तमी, सात पाऊण सव्वापाच, म्हणजे ओहोटी सव्वाअकराला. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा खडकांवरून, समुद्राच्या अंगाने, ओहोटीलाच होते. आता कुणी अ‍ॅप उघडलं नाही. पुतणीच म्हणाली, "अकराला निघू."

ठरलेलं सगळं संपलं होतं. पण केक राहिला होता. तो श्रीवर्धनहून आणलेला, उन्हात वितळत चाललेला, आणि अण्णाकाका हटून बसले की केक पाण्यावरच कापायचा. क्रूझवर पंचाहत्तरी ठरली होती, धर्मशाळेत नव्हे. मग गाड्या जवळच्या बागमांडल्याला घातल्या. तिथून सावित्रीच्या खाडीपलीकडे वेश्वी, म्हणजे रत्नागिरी जिल्हा. पलीकडे आमचं काहीही काम नव्हतं. गाड्या अलीकडे ठेवून सगळे पायी फेरीबोटीवर चढलो.

दोन ट्रक, एक वरातीची जीप आणि काही दुचाक्या यांच्या मधल्या जागेत केक ठेवला. वाऱ्याने मेणबत्ती पेटेना. वरातीतल्या लोकांनी आडोसा धरला आणि बँडवाल्याने न विचारता सुरुवात केली. केक कापेपर्यंत वेश्वी आली. ट्रक उतरले, जीप उतरली, बँड उतरला. आम्ही तिथेच. केक वाटायचा होता.

तिकीटवाला आला. "उतरत का नाही?"

"ही क्रूझ आहे," अण्णाकाका टोपी सारखी करत म्हणाले. "आम्ही फिरायला आलोय."

त्याने केकचा तुकडा घेतला, तोंडात टाकला, बोटं पुसली. "क्रूझ असू द्या नाहीतर कोंबड्या असू द्या. परतीचं तिकीट वेगळं."