निझव्यातील एक बिनतारी तहनामा

ओमानमधील निझव्याच्या किल्ल्याचा तो प्रचंड वाटोळा बुरूज सतराव्या शतकात इमाम सुल्तान बिन सैफ यांनी शत्रूस मज्जाव करण्याकरिता उभारला, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याच गावातील आमच्या भाड्याच्या घरात, एकाच भिंतीपलीकडे बसलेल्या प्रिंटरने राउटरच्या लहरींस तितक्याच निष्ठेने रोखून धरावे, यास इतिहासाची पुनरावृत्ती म्हणावे की वास्तुदोष, याचा मला उलगडा होईना. चिरंजीव म्हणाले, "बाबा, त्याला २.४ गिगाहर्ट्झच कळतं आणि तुम्ही त्याला ५ वर बोलावताय." (असे एकभाषी गृहस्थ आमच्या पुण्यातही मुबलक आहेत.) दोन्ही लहरींस निराळी नावे दिली, तेव्हा कुठे स्वारी रुजू झाली, मात्र दुसऱ्याच दिवशी राउटरने परस्पर तिचा पत्ता बदलला आणि संगणक जुन्या पत्त्यावरच कागदपत्रे रवाना करीत राहिला. २००६ साली जागतिक वारसा ठरलेल्या इथल्या फलज दारिस या पाटाचे पाणी शतकानुशतके ज्याच्या त्याच्या वाट्यास वेळेबरहुकूम पोहोचते, हे स्मरून अखेर राउटरच्या दफ्तरी प्रिंटरचा पत्ता कायमचा नोंदवून घेतला. विजयाप्रीत्यर्थ पहिला कागद मोठ्या दिमाखाने बाहेर आला, तो साफ कोरा. एवढ्या अवधीत शाई वाळली होती.