टोपीकरांची टोपी

भाचीने मोबाइलवर फोटो दाखवला. चॉकलेटची काळी चौकोनी टोपी, वरून सोनेरी गोंडा लोंबतोय. "आत्या, माझ्या पदवीच्या पार्टीत टेबलाच्या मधात असंच पाहिजे. अमरावतीहून आणायचं का?"

अमरावतीहून! अंजनगाव आणि सुर्जी मिळून कुठेही रुखवत मांडायचं म्हटलं की आधी माझं नाव निघतं. साखरेचं तुळशीवृंदावन, सुपारीचे नवरा-नवरी, लवंगांचा मोर. विहीणबाईंनी खोट काढायला चष्मा लावून यावं आणि मुकाट्याने जेवायला बसावं, असं माझं काम. मी लगेच खवा सांगितला.

टोपीवर मात्र माझा जुना राग आहे आणि तो ऐतिहासिक आहे. मराठ्यांच्या कागदपत्रांत इंग्रजांना टोपीकर म्हणत. या टोपीकरांनी २९ नोव्हेंबर १८०३ला अडगावची लढाई मारली, १५ डिसेंबरला गाविलगड घेतला आणि ३० डिसेंबरला आमच्या गावी येऊन दौलतराव शिंद्यांशी तह केला. गंगा-यमुनेमधला मुलूख गेला, भडोच गेलं, अहमदनगर गेलं. समोर आर्थर वेलस्ली, पुढे वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणारा. म्हणजे आम्ही काही ऐऱ्यागैऱ्याकडून हरलो नाही. शाळेत सुर्जी-अंजनगावचा तह आला की पेंगणारी पोरंसुद्धा ताठ बसायची. गावाचं नाव पुस्तकात! कशाबद्दल, ते गुरुजी जरा हळू आवाजात सांगायचे. एवढं सगळं गमावल्यावर त्यांचीच टोपी आपण हौसेने, वर तूप लावून...

"आत्या, खाली लागून राहिलं," भाची म्हणाली.

खवा मंद आचेवर भाजला, कोको आणि पिठीसाखर घालून गोळीला चीर पडेनाशी होईपर्यंत मळला. तूप लावलेल्या वाटीवर घुमट थापला आणि वाटी काढून घेतली. पदवीची टोपी आतून पोकळ असली तरच हुबेहूब. वर खोबऱ्याच्या वडीचा काळा चौकोन. गोंड्याला तळलेल्या शेवया, केशराच्या पाकातल्या. बाजूला लाल दोरा बांधून सरगुंडे. काडीवर वळलेल्या सरगुंड्याइतकी सुबक पदवीची गुंडाळी कुठल्याच विद्यापीठाला जमायची नाही.

पहिल्याच पाहुणीने दारातून टेबल पाहिलं. "काऊन वं बाई, सोयरिक जुळली पोरीची अन् सांगतलंही नाही?" मागून येणारीनेही तेच विचारलं. तिसरीने तर मुलगा काय करतो तेही विचारून घेतलं.

आधी हसू आलं, मग राग. त्यांचा तरी काय दोष? आमच्याकडे पोरीच्या नावाने टेबल सजतं ते ती घरातून निघते तेव्हा. मॅट्रिकनंतर मला कॉलेजात धाडायचं का, याची चर्चा एका जेवणात आटोपली आणि मला शेवया वळायला बसवलं. हात चांगला आहे म्हणाले. होताच. आणखी कशाकशाला चांगला होता, ते कोणी पाहिलं नाही.

तेवढ्यात लाइन गेली. कूलर थांबला. पाऊस लांबलेला, जूनचा उकाडा. बघता बघता घुमट फुगून बसका झाला, चौकोनाचे कोपरे वाकून त्याला चिकटले, एका बाजूचा तुकडा पडला. मी पदराने वारा घालत होते, तोच एक निवृत्त गुरुजी पुढे आले. वाकून पाहत राहिले.

"वा! पदवी बाबांच्या विद्यापीठाची, म्हणून बाबांचं गाडगं! बाई, याला म्हणतात डोकं."

खरंच की. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ. बाबांचं शेंडगाव आमच्याच तालुक्यातलं. डोक्यावर फुटकं मडकं, हातात खराटा घेऊन ते गावोगाव सांगत फिरले, की घरातली भांडी विका, हातावर भाकर घेऊन खा, पण लेकरांना शिकवा.

मी पदर सावरला. "टोपीकरांची टोपी कशाला हवी गुरुजी आपल्याला?"

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

लाइन आल्यावर सोयरिकवाल्या बाई जवळ सरकल्या. त्यांच्या नातीचं दिवाळीनंतर लग्न होतं, रुखवत मीच करावं म्हणत होत्या.

"नात शिकली किती?" मी विचारलं.

"बारावी. काऊन?"

"मग थांबा की तीन वर्षं. मी आता पदवी पाहिल्याशिवाय खवा भाजत नाही."