राष्ट्रीय संघाचा लोगो बदलायचाय? आधी वाडीचा काढा

देशाच्या फुटबॉल संघाचा लोगो बदलायला हवा असं ठाम मत असलेली माणसं कर्जत-खोपोली लोकलच्या कुठल्याही डब्यात सापडतात. मत असायला हरकत नाही. फक्त शिकाऊ माणसानं थेट दिल्लीपासून सुरुवात करू नये. आधी वाडीच्या संघावर हात बसवावा. तिथे घोळ झाला तर फार तर पंधरा-वीस टी-शर्ट वाया जातात आणि ते पुढे भातलावणीला उपयोगी पडतात. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या होतकरूंसाठी म्हणून ही मार्गदर्शिका.

साहित्य: कोरा कागद, कोरल येणारा एक भाचा, आणि टी-शर्टांचा खर्च उचलणारे एक दानशूर. दानशूरांचं नाव लोगोपेक्षा मोठं छापायचं असतं, हे भाच्याला आधीच सांगून ठेवावं.

पहिलं काम, प्राणी. तुमच्या मनात वाघ आला असणार. देशाच्या संघाला ‘ब्लू टायगर्स’ म्हणतात, तेव्हा कल्पना चुकीची नाही. पण तालुक्यातल्या दर दुसऱ्या संघाच्या छातीवर तोच जबडा वासलेला वाघ आहे, कारण तो नेटवर फुकट मिळतो. वाडीतल्या बहुतेकांनी वाघ पाहिलाय तो राणीच्या बागेत, आणि तिथे तो झोपलेला होता. त्यापेक्षा शेकरू घ्या. महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, खांडसच्या वाटेनं भीमाशंकर चढताना नशीब असेल तर दिसतोही. अडचण एवढीच की समोरचा संघ पहिल्या पाच मिनिटांत ‘ए खारी’ म्हणून हाक मारेल. ती सोसायची तयारी असेल तरच घ्या. जपानच्या फुटबॉल संघाच्या बिल्ल्यावर तीन पायांचा कावळा आहे. त्यांच्या पुराणकथेत तो राजाला वाट दाखवतो. आपल्याकडे कावळा काढलात तर प्रेक्षक तो शिवायची वाट बघत बसतील.

आता कायदा. नवशिके इथेच अडकतात, म्हणून सावकाश वाचा. चार सिंहांची राजमुद्रा उचलायची नाही. तिच्या वापरावर २००५ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि तुमचं क्रीडा मंडळ त्यात कुठेच बसत नाही. (सिंह चार, दिसतात तीन. चौथा मागे असतो, घाटात गाडीला कर्जतहून लावलेल्या बँकर इंजिनासारखा. पुढच्या डब्यातल्या प्रवाशाला त्याचा पत्ताही नसतो.) मग कुणीतरी म्हणेल, महाराजांचं चित्र टाकू, त्याला कोण नाही म्हणणार? चिन्हं आणि नावं यांच्या गैरवापराविरुद्ध १९५० चा कायदा आहे. सरकारी परवानगीशिवाय ज्यांचं नाव वा चित्र धंद्या-व्यवसायासाठी वापरता येत नाही, त्यांच्या यादीत छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी आहेत. हे ऐकून आपल्या परिसरातल्या पाट्या मोजत बसू नका, सामना संध्याकाळी आहे. तिरंगा छातीवर चालतो, पण कंबरेखालच्या कपड्यावर नाही आणि त्यावर अक्षर एकही नाही. म्हणजे चड्डीवर तिरंगी पट्टी आणि तिच्यावर ‘सौजन्य’ हा दानशूरांचा आवडता बेत रद्द. त्यांना हे सांगायला मंडळाच्या सर्वांत ज्येष्ठ काकांना पाठवावं.

रंगाबद्दल फार वाद घालू नका. रंगाचा अर्थ रंगात नसतो. इटलीचा संघ निळ्यात खेळतो. तो निळा तिथल्या सावॉय राजघराण्याचा. १९४६ साली इटलीनं राजा घालवला, निळा ठेवून घेतला. ब्राझीलची गोष्ट याहून गमतीची. १९५० च्या विश्वचषकात स्वतःच्या घरी, माराकाना मैदानावर, उरुग्वेकडून हरले आणि राग निघाला पांढऱ्या शर्टावर. १९५३ साली एका वर्तमानपत्रानं नव्या पोशाखासाठी स्पर्धा ठेवली. झेंड्यातले चारही रंग वापरायचे, एवढीच अट. जिंकला आल्दीर श्ली नावाचा १९ वर्षांचा पोरगा, सीमेवरच्या गावचा आणि मनातून उरुग्वेचा चाहता. जगातला सर्वांत प्रसिद्ध देशभक्त शर्ट हा असा. पुढे तोच पिवळा शर्ट एका राजकीय गटानं मोर्च्यात घालायला सुरुवात केली, तेव्हा दुसऱ्या बाजूच्या कितीतरी लोकांनी तो कपाटात टाकला. रंग बदलला नव्हता, शिवणही नाही. तेव्हा तुमच्या वाडीत निवडणुका जवळ असतील तर भगवा, निळा, हिरवा, लाल यांतला कुठलाही रंग एकट्यानं घेऊ नका. करडा घ्या. करड्या रंगाचा पक्ष अजून निघालेला नाही.

लांबून दिसतं का ते बघा. हा धडा नौदलानं घेतलेला आहे. २००१ साली नौदलाच्या निशाणावरचा इंग्रजांचा लाल क्रूस काढला आणि पांढऱ्यावर निळं बोधचिन्ह टाकलं. मागे निळं आकाश, खाली निळा समुद्र, निशाण ओळखू येईना. २००४ साली क्रूस परत आला. शेवटी २ सप्टेंबर २०२२ ला कोचीला ‘विक्रांत’ नौदलात दाखल होताना तो पुन्हा गेला आणि महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. तुमच्या टी-शर्टची परीक्षा सोपी आहे. एकाला तो घालून पावसात खाचराच्या पलीकडच्या बांधावर उभं करा आणि अलीकडून विचारा, काय दिसतंय? उत्तर ‘चिखल’ आलं तर पुन्हा कागदाकडे.

आता खरं काम. वाघ, सिंह, झेंडा सगळं वजा केल्यावर आपल्याकडे आपलं असं काय उरतं? खालापूरकर लगेच म्हणतील, उंबरखिंड. बरोबर आहे. २ फेब्रुवारी १६६१ ला मोठ्या फौजेनिशी आलेला मोगल सरदार कारतलबखान त्या खिंडीत कोंडला गेला. चावणीजवळ स्मारकही आहे. पण खिंड म्हणजे मुळात रिकामी जागा, आणि रिकामी जागा काढणं भाच्याच्या हाताबाहेरचं आहे. दोन डोंगर आणि मधे फट काढली की पाण्याच्या बाटलीवरचं लेबल तयार होतं.

खोपोलीकर म्हणतील, वीज. त्यांचाही हक्क आहे. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ चं, कर्जतकडे भिवपुरीचं १९२२ चं. घाटावरचं पाणी नळांतून खाली आणायचं, त्यावर वीज काढायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना द्यायची. म्हणून विजेचा मनोरा काढा, पाय पसरून ताठ उभा. दिसतो झकास, चार रेघांत होतो, बांधावरूनही ओळखू येतो.

इथे कर्जतकर उठून उभे राहतील. आमच्याकडे मनोरा आडवा काढायचा, म्हणतील. आणि त्यांचंही खरं आहे. माथेरानचे भाई कोतवाल, विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, नाभिक कुटुंबात १९१२ साली जन्मले, वकील झाले, शेतकऱ्यांसाठी धान्याची पेढी चालवली, शाळा काढल्या. १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या आझाद दस्त्यानं मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. युद्धाचा माल काढणाऱ्या गिरण्या अंधारात गेल्या की सरकार हलतं, असा साधा हिशेब होता. २ जानेवारी १९४३ ला पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठलं. भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील तिथे हुतात्मा झाले. अजूनही त्या तारखेला माणसं पहाटे सिद्धगडाला जातात.

तेव्हा एकच लोखंडी सांगाडा. उभा असला की तालुक्याची शान, आडवा असला की तालुक्याचा अभिमान. दोन्हीकडच्यांची छाती सारखीच फुगते. या मुद्द्यावर बैठक घेऊ नका. घेतलीतच तर दानशूरांना बोलावू नका, कारण त्यांचं बाजारात इलेक्ट्रिकचं दुकान असण्याचा संभव दाट आहे आणि पडलेल्या मनोऱ्याखाली आपलं नाव त्यांना चालणार नाही. तिरपा काढू, असा तोडगा कुणीतरी सुचवेल. सुचवणारा शक्यतो शिक्षक असतो. तिरपा मनोरा म्हणजे वादळात सापडलेला मनोरा, त्यात ना टाटा ना कोतवाल. माझं मत विचाराल तर आडवाच काढा. उभे मनोरे देशभर आहेत. आपण पाडला, असं सांगू शकणारी गावं थोडी.

छपाई सब्लिमेशनची करा, उठावाची नको. उठावाचा लोगो दोन धुण्यांत सोलून निघतो आणि हुतात्म्यांची आठवण सालपटासारखी लोंबकळलेली बरी दिसत नाही.

शेवटची सूचना मैदानावरची. समोरचा कर्णधार तुमच्या छातीकडे बघून विचारणारच, ‘हे काय, मोबाईलचा टॉवर पडला का?’ चिडू नका. लोगो सांगितल्याशिवाय कळत नसेल तर तो फसला असं चित्रकार मंडळी म्हणतात, पण इटलीचा निळा तरी सांगितल्याशिवाय कुणाला कळला होता? उत्तर तीन वाक्यांत बसवून संघातल्या प्रत्येकाकडून पाठ करून घ्या, गोलकीपरकडून आधी. त्याला मोकळा वेळ जास्त असतो. माथेरान, मनोरे, सिद्धगड एवढं आलं पाहिजे. तारीख चुकली तर काका बाहेरून ओरडून सांगतील. नाणेफेक आणि शिट्टी यांच्यामध्ये यापेक्षा जास्त वेळ मिळत नाही.